बसून असलेले घर आणि कमावती थोरली : एक प्रकरण अभ्यास

पुण्यातील एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करणारी एकोणतीस वर्षांची अविवाहित तरुणी समुपदेशनासाठी आली, तेव्हा तिची तक्रार झोपेची होती. रात्री दोन-अडीचपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे आणि घरी फोन करून झाला की पुढचा तासभर छातीत धडधडत राही. घर इचलकरंजीचे; घरात वडील, आई आणि पाच वर्षांनी लहान असलेला भाऊ. "घरात तीन माणसं आहेत आणि तिघंही बसून आहेत. मी सोडून कुणाला कशाचं काही वाटतच नाही," असे तिने पहिल्याच भेटीत सांगितले. त्यापाठोपाठ, आवाज खाली आणून ती म्हणाली, "मला त्यांची लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचा राग येतो." पुढचे सुमारे वर्षभराचे काम झोपेपेक्षा या दुसऱ्या वाक्यावर अधिक झाले. तिच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लेखात तिला थोरली आणि तिच्या भावाला धाकटा म्हटले आहे.

घर कसे बसले

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये बसवला आणि पुढच्या पिढ्यांत या गावातल्या असंख्य घरांचे पोट मागावर आले. थोरलीच्या आजोबांनी दोन माग घेतले होते. वडिलांनी कर्ज काढून त्यांचे आठ केले आणि घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवले. ते खर्चीवाले होते, म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, विणाई यांची आणि मोबदला मीटरमागे ठरलेल्या मजुरीचा. अशा धंद्यात मालक म्हणवणारा माणूस स्वतःच जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती पाहणारा असतो, स्वतःच हिशेब ठेवतो आणि कामगार आला नाही तर स्वतःच मागावर उभा राहतो. आई कांड्या भरत असे, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायचे सूत गुंडाळत असे, आणि दोन्ही मुले त्या धोट्याच्या खडखडाटातच अभ्यास करून मोठी झाली.

खर्चीवाल्याच्या हातात सुताचा दर नसतो आणि कापडाचाही नसतो. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत कामगारांच्या आठवड्याच्या पगाराला रोकड मिळेना. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर ज्या व्यापाऱ्याचे काम घरात येत होते त्याने हात आखडता घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला, आणि वीजबिल व मजुरी यांचा मेळ तर त्याआधीच बसेनासा झाला होता. वडिलांनी त्या वर्षअखेरीस सहा माग मोडीत काढले आणि टाळेबंदीनंतर उरलेले दोन. साधा माग चालवायला विकत घेणारा कोणी मिळाला नाही, त्यामुळे भंगारवाल्याने ते किलोच्या भावाने नेले. थोरली तेव्हा घरून काम करण्यासाठी गावीच होती. टेम्पो भरत असताना वडील शेडकडे फिरकलेही नाहीत आणि वजनाचा काटा धाकट्याने पाहिला, एवढे तिला स्पष्ट आठवत होते.

तेव्हापासून वडील घरी आहेत. शेड रिकामी आहे. ती गोदाम म्हणून भाड्याने मागायला लोक येऊन गेले, पण वडिलांनी "बघू की" म्हणून विषय टाळला. आई दुपारभर आडवी असते. धाकट्याने पदविका अर्ध्यावर सोडली, पोलीस भरतीत तो दोनदा अपयशी ठरला आणि आता तिसऱ्या वेळेची तयारी सुरू असल्याचे सांगतो, पण त्याची सकाळ दहाला सुरू होते. थोरलीचा पगार हातात ६२ हजार येतो. त्यातले २५ ते ३० हजार दरमहा घरी जात होते. किराणा, वीजबिल, क्लासची फी, धाकट्याच्या दुचाकीचा हप्ता, त्याच्या मोबाइलचे रिचार्ज, यांपैकी जे जेव्हा मागितले जाईल तेव्हा ते ती पाठवत असे आणि प्रत्येक वेळी पैशांबरोबर बोलही पाठवत असे.

शरम

चिडीबद्दल ती भरभरून बोलत असे. शरमेबद्दल बोलायला तिला बरेच दिवस लागले. ती उघड झाली लग्नाच्या बायोडाटावरून. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात तिने 'वस्त्रोद्योग' असे लिहिले होते. कार्यालयात तिने वडील निवृत्त असल्याचे सांगितले होते. पुण्यातल्या एकाही मैत्रिणीला तिने घरी नेले नव्हते, आणि अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला आलेल्या मैत्रिणींनी "तुझ्या घरी येतो" म्हटल्यावर घरात आजारपण असल्याचे कारण दिले होते. या सगळ्याच्या मुळाशी चुलत भावाच्या लग्नाच्या पंगतीत कानावर पडलेले एक वाक्य होते: "पोरीच्या जिवावर बसून खात्यात सगळी." बोलणारी बाई दूरच्या नात्यातली होती आणि थोरली मागच्याच पंगतीत बसली आहे हे तिला ठाऊक नव्हते.

अमेरिकी मानसतज्ज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये शरम आणि अपराधीपणा यांतला जो फरक मांडला, तो येथे उपयोगी पडला. अपराधीपणात माणूस आपल्या कृतीकडे बोट दाखवतो. शरमेत तो स्वतःकडेच बोट दाखवतो. कृती दुरुस्त करता येते, माफी मागता येते, भरपाई करता येते. पण शरमेत करण्यासारखे काही उरत नाही, फक्त लपावेसे वाटते. थोरलीच्या बाबतीत पेच आणखी एक पायरी पुढचा होता, कारण ज्या कृतींची तिला शरम होती त्या तिच्या नव्हत्याच. आपल्याकडे घराण्याचे वजन एकाच तराजूत होते. सोयरीक ठरवताना मुलीबरोबर तिचा बाप, भाऊ, घर आणि दार पाहिले जाते. म्हणून "लोकांचा विचार सोड" हा सल्ला तिला पोकळ वाटला तर त्यात नवल नाही. लोक खरोखर बोलत होते आणि त्या बोलण्याचे परिणाम तिला भोगावे लागत होते.

शरमेवर पुढे झालेल्या संशोधनातून, विशेषतः अमेरिकी मानसतज्ज्ञ जून टँगनी यांच्या कामातून, असेही दिसले आहे की ज्यांना शरम लवकर येते ती माणसे रागावतातही लवकर आणि दोष बाहेर टाकतात. थोरलीच्या रात्री नऊच्या फोनमध्ये नेमके हेच होत होते. "अण्णा, आज काय केलासा?" "काय न्हाई. बसलोय." "शेडचं काय झालं?" "बघू की." मग फोन धाकट्याकडे जाई. "पळायला गेलतास का?" "गेलतो की, अक्का." तो गेलेला नसे, आणि हे तिलाही ठाऊक असे. ज्या दिवशी कार्यालयात कोणी घरची चौकशी केली असेल, त्या रात्रीचा फोन अधिक कडक होई, हे तिने स्वतःच्याच नोंदींवरून महिनाभरात ओळखले. आपण त्यांना सुधारण्यासाठी बोलतो अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात दिवसभर साचलेली शरम उतरवायला तो फोन होत होता.

तीन माणसे, तीन कारणे

'घरात कोणालाच काही करायची इच्छा नाही' हे वाक्य आम्ही मुद्दाम बाजूला ठेवले आणि प्रत्येकाचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत कसा जातो ते तिला लिहून आणायला सांगितले. तिला तो माहीत नव्हता. एवढ्या वर्षांच्या रोजच्या फोननंतरही आई दुपारी नेमके काय करते, हे तिला सांगता आले नाही. दिवाळीला ती चार दिवस घरी गेली ती न बोलता पाहण्यासाठी, आणि त्या चार दिवसांनी प्रकरणाची दिशा बदलली.

आई कपडे वाळत घालायला गच्चीवर जाताना तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बादली टेकवून बसत होती. धाप लागत होती. नखे पांढुरकी पडली होती. अधिक विचारल्यावर कळले की पाळीचा रक्तस्राव वर्षभरापासून फार होत होता आणि "आता जायचंच वय झालंय" म्हणून तिने कोणालाच सांगितले नव्हते. तपासणीत हिमोग्लोबिन ८.२ निघाले, प्रौढ स्त्रीमध्ये ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय समजला जातो. सोनोग्राफीत गर्भाशयातल्या गाठी दिसल्या आणि उपचार सुरू झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के. घरातली बाई 'कशातच लक्ष घालत नाही' असे कोणी सांगितले की रक्ताची आणि थायरॉइडची तपासणी आधी करावी आणि स्वभावाची चिकित्सा नंतर, असे माझे ठाम मत आहे. थोरलीला या शोधाने रडू कोसळले. आईला आळशी ठरवून घेतलेल्या तोंडसुखाचा तिला पश्चात्ताप होता, आणि तो पश्चात्ताप शरमेपेक्षा निरोगी होता, कारण त्याने तिला कामाला लावले.

वडिलांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या व्हिएन्नाजवळच्या खेड्यातली कापड गिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळपास सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या संशोधकांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. रिकामा वेळ भरपूर, पण गावच्या ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, वारंवार थांबू लागले, आणि दिवसभरात काय केले हे विचारल्यावर त्यांना धड सांगता येईना. घरकाम हातात असलेल्या बायकांचा दिवस मात्र इतका विस्कटला नव्हता. याहोडा यांनी पुढे मांडले की नोकरी-धंदा पगाराखेरीज दिवसाला चौकट देतो, चार माणसांशी गाठ घालतो, कशात तरी आपला वाटा असल्याची जाणीव देतो आणि समाजात एक ओळख देतो. तो गेला की हे सगळे एकदम जाते. थोरलीने हे वाचले आणि तिला कामगारांची पाळी बदलायच्या वेळेला शेडच्या दारात उभे राहणारे वडील आठवले, नुसत्या आवाजावरून कोणत्या मागाचा पिकर (धोट्याला ठोकर देणारा भाग) गेला आहे हे सांगणारे. आता तेच वडील चहा पिऊन झाल्यावर रिकामा कप हातात धरून अर्धा तास बसतात. ती चिडत होती त्यात या माणसाच्या जाण्याचे दुःखही मिसळलेले होते; पण माणूस समोर बसलेला असताना दुःख करायचे कसे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. वडिलांना नैराश्य असण्याची शक्यता होती. ते भेटायला तयार नव्हते आणि मुलीच्या सांगण्यावरून निदान करता येत नाही. झोप, भूक, वजन आणि जगण्याविषयीचे निरवानिरवीचे बोलणे यांवर लक्ष ठेवायला तिला सांगितले, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक धाकट्याच्या फोनमध्येही नोंदवून घेतला.

धाकटा आजारी नव्हता. तो टाळत होता, आणि टाळणे त्याला परवडत होते. दोन अपयशांनंतर मैदानावर जाणे म्हणजे पुन्हा अपयशाच्या रांगेत उभे राहणे होते. न जाण्याची किंमत रात्रीचे एक खोटे आणि बहिणीची दोन वाक्ये एवढीच होती. हप्ता वेळेवर भरला जात होता. त्यालाही शरम होती, हे थोरलीला पटायला सर्वांत जड गेले.

काय केले

पहिला बदल रात्रीच्या फोनमध्ये केला, कारण तोच तिच्या एकटीच्या हातात होता. फोन रोजऐवजी एक दिवसाआड करायचा आणि हजेरी घेणारा प्रश्न विचारायचा नाही, एवढेच ठरले. अमेरिकी मानसतज्ज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये व्यसनी रुग्णांसोबतच्या कामातून संवादाची जी पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली, तिचा अनुभव असा आहे की एकाने बदलाची बाजू जोरात लढवली की दुसरा आपोआप न बदलण्याची बाजू लढवू लागतो. थोरली भरतीची बाजू लढवत असे आणि धाकट्याला सबबी शोधाव्या लागत. ती थांबल्यावर पहिले काही आठवडे फोनवर बोलायला विषयच नव्हता. ती शांतता तिला असह्य झाली. घर हातचे सुटते आहे असे वाटून ती दोनदा जुन्या वळणावर गेली आणि पुन्हा परतली. मग एका रात्री धाकटा आपणहून म्हणाला, "अक्का, माझ्याच्यानं ते भरतीचं हुईल असं वाटंना." सल्ला देण्याचा मोह आवरून तिने फक्त "मग काय वाटतंय तुला?" असे विचारले. तिच्या दृष्टीने त्या वर्षातले हे सर्वांत अवघड वाक्य होते.

पैशांचा बदल दुसरा. मैत्रिणींचा सल्ला होता की सगळे बंद कर आणि स्वतःचे बघ. मावशी म्हणत होती की आईबापासाठी एवढे केले तर कुठे बिघडले. दोन्ही सल्ल्यांत थोरलीची कोंडी कायम राहत होती, कारण पहिल्याने ती अपराधी ठरत होती आणि दुसऱ्याने तिची चीड. आम्ही खर्चाची विभागणी केली. किराणा, वीजबिल आणि आईचे औषधपाणी यांसाठी १८ हजार रुपये दर महिन्याच्या पाच तारखेला, न मागता आणि न बोलता. दुचाकीचा हप्ता आणि रिचार्ज दोन महिन्यांची पूर्वसूचना देऊन बंद. पूर्वसूचना देताना "तू नालायक आहेस म्हणून" असा सूर येऊ नये, यासाठी तिने ते बोलणे आधी माझ्यासमोर अनेकदा म्हणून पाहिले. उरलेल्या रकमेतून काही भाग घरच्या अडीअडचणीच्या वेगळ्या खात्यात आणि काही तिच्या स्वतःच्या नावावर. पैशाला लागलेले टोमणे गेल्यावर घरातल्यांचा सूरही थोडा मोकळा झाला, असे तिचे निरीक्षण आहे.

शरमेसाठी अमेरिकी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीचा आधार घेतला. मराठी वाचकांना ती कि. मो. फडके यांच्या लेखनातून परिचयाची आहे. घरच्यांनी कष्ट करावेत ही थोरलीची इच्छा रास्त होती आणि ती सोडण्याचे कारण नव्हते. "त्यांनी बदललंच पाहिजे, नाहीतर मी मान वर करून जगू शकत नाही" हा हट्ट मात्र तिची झोप खात होता. एलिस शरम वाटणारी गोष्ट मुद्दाम चारचौघांत करायला लावत असत. थोरलीने त्यातले सौम्य रूप निवडले: जेवणाच्या सुट्टीत विश्वासातल्या एका सहकाऱ्याला खरे सांगायचे. "माझे वडील सध्या काही करत नाहीत. आमचे माग होते, ते भंगारात गेले. घर मी चालवते." तिला वाटले होते की समोरचा कीव करील. तो सोलापूरचा निघाला, त्याचे काका गिरणी बंद पडल्यावर घरी बसले होते, आणि जेवणाची सुट्टी संपून गेली तरी दोघे बोलत राहिले. प्रत्येक वेळी असे होणार नाही, हे मी तिला त्याच आठवड्यात सांगितले, आणि तसे झालेही नाही. तिने बायोडाटातला रकाना बदलून 'पूर्वी यंत्रमागधारक, सध्या घरी' असे लिहिले. त्यानंतर एका स्थळाने भावाच्या आणि वडिलांच्या उत्पन्नाची खोदून चौकशी केली आणि पुढे कळवले नाही. तिला ते लागले, दोन रात्री झोप गेली, आणि तिसऱ्या दिवशी ती कामावर होती.

सध्याची स्थिती

आईचे हिमोग्लोबिन सहा महिन्यांत ११ च्या पुढे गेले. ती आता दुपारी शेजारच्या शिलाईच्या गटात जाऊन बसते. कमाई किरकोळ आहे, पण घरातला आवाज परतला आहे. तिच्या तपासण्यांना नेण्या-आणण्याचे काम थोरलीने मुद्दाम वडिलांकडे सोपवले: फाइल, तारखा, औषधांचा हिशेब, सगळे. "काहीतरी करा" याला त्यांच्याकडे उत्तर नव्हते; "बुधवारी अकराला आईला घेऊन जा" याला होते. अधूनमधून एका ओळखीच्या कारखान्यात माग दुरुस्त करायला त्यांना बोलावतात आणि ते जातात, मात्र नियमित नाही. शेड अजून रिकामीच आहे आणि थोरलीने तो विषय काढणे थांबवले आहे. ते पूर्वीसारखे उभे राहतील असे मला वाटत नाही, आणि तिलाही तसे सांगितले आहे.

धाकट्याने हप्ता थकल्यावर आधी एका शटललेस, म्हणजे धोटा नसलेल्या आधुनिक मागाच्या कारखान्यात बारा तासांची पाळी धरली आणि तीन आठवड्यांत सोडली. त्यानंतर पार्सल पोहोचवण्याचे काम घेतले, ते आजवर टिकले आहे. आता त्याला जुना मालवाहू टेम्पो घ्यायचा आहे आणि सुरुवातीच्या रकमेसाठी त्याने बहिणीकडे ८० हजार मागितले आहेत. थोरलीची झोप बहुतांशी सुधारली असली तरी या मागणीनंतर ती पुन्हा विस्कटली. होकार दिला तर जुनाच खेळ सुरू होईल, आणि नकार दिला तर त्याने पहिल्यांदा धरलेली उमेद मोडेल, अशा कात्रीत ती आहे. तिने त्याच्याकडे गेल्या सहा महिन्यांची कमाई, डिझेलचा अंदाज आणि महिन्याला किती परत करणार याचा लेखी हिशेब मागितला आहे. त्याने दोन पाने पाठवली. त्यात विमा आणि दुरुस्तीचा खर्च धरलेला नव्हता. ती पाने तिने त्या दोन प्रश्नांसह परत पाठवली आहेत. निर्णय अजून झालेला नाही.